'येतो' म्हणजे अक्रोड

मी बॉबिन बोलतोय. पोपट बोलतो यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. पण आजवर मी बोललो ती सगळी उसनी वाक्यं. "हात वर करा." "श्वास सोडा, पोट आत ओढू नका." "ट्रायल परवा." एवढ्या भांडवलावर मी सतरा वर्षं काढली. आज पहिल्यांदाच स्वतःचं सांगतोय.

अंगाने मी राखाडी, शेपूट तेवढी लाल. जन्माचं फारसं आठवत नाही. समज आली ती एका शिंप्याच्या दुकानात. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मागे राहायची खोली आणि मधे पडदा. लहानपणी मी शिलाई मशीनची बॉबिन पळवून पाण्याच्या वाटीत बुडवायचो, त्यावरून हे नाव पडलं. एका ढेरपोट्या वकिलाचा काळा कोट तीन दिवस अडून राहिला, तो माझ्याच कृपेने.

दुकानात बसून मी माणसं पाहिली. कमरेभोवती टेप आली की भलेभले पोट आत घेतात. मास्तर काही न बोलता दोन इंच वाढवून लिहायचे. कपडे अंगावर बरोबर बसले की तेच गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, "बघा, बारीक झालोय की नाही?" मास्तर म्हणायचे, "झालात तर."

मास्तर दुकान सोडून कुठे जात नसत. चहा टाकायला किंवा जेवायला मागच्या खोलीत जायचे, तेवढंच. मी शीळ घातली की पडद्याआडून आवाज यायचा, "येतो रे, येतो." मी दहा श्वास घेईपर्यंत पडदा हलायचा आणि त्यांच्या चिमटीत अर्धा अक्रोड असायचा. सतरा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. गिऱ्हाइकंही निघताना "येतो" म्हणायची, पण ती मास्तरांना म्हणायची. दुसऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची मला सवय नाही. मला उद्देशून म्हटलेल्या 'येतो'चा अर्थ एकच होता: दहा श्वास, मग अक्रोड.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. काजं वाकडी पडायला लागली. समोरच्या दुकानात डोळे तपासून चष्मे देणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी भिंगं बदलून बदलून पाहिली आणि शेवटी ती डबीत ठेवून दिली. "मास्तर, आता चष्म्याने भागणार नाही," त्या म्हणाल्या.

दुकान बंद झालं. मास्तरांची मुलगी त्यांना न्यायला आली, पण तिच्या मुलाला दम्याचा त्रास, त्याला पिसं चालत नव्हती. मी पिंजऱ्यात बसून सगळ्यांची तोंडं बघत होतो. तेव्हा चष्म्यावाल्या बाईच म्हणाल्या, "माझ्याकडे द्या त्याला. घरात मी आणि माझा भाऊ, दोघंच. सकाळी 'चहा' आणि रात्री 'दिवा घालव', याच्यापलीकडे आमचं बोलणं होत नाही."

मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. सूर्यफुलाच्या बिया किती, गाजर किसून की कापून, अंघोळ कधी, रात्री पिंजऱ्यावर कापड कुठपर्यंत. शिंपी माणूस, कुठे टाका राहू देणार नाही. पण एक राहिलाच. तो त्यांच्याही लक्षात आला नाही.

नव्या घरात त्या बाईंना मीही ताईच म्हणू लागलो, कारण भाऊ त्यांना तसंच म्हणायचा. आणि घरच्या माणसाला अहो-जाहो कोण करतं? ताईने हौसेने माझा पिंजरा खिडकीत ठेवला. चारी बाजूंनी उघडा, खाली गाड्या, वर कावळे. मी एका पायावर आक्रसून बसलो.

"त्याला पाठीशी भिंत हवी," भाऊ म्हणाला. तो शहरबस चालवतो. "मागून कुणी बघत असलं की माझीसुद्धा मान अवघडते."

भिंतीजवळ जागा एकच होती, जिथे त्यांच्या आईची खुर्ची होती. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. भावाने खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली. तिच्या चार पायांचे चार गोल डाग फरशीवर राहिले. ताई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग ओलं फडकं आणून तिने ते पुसले आणि माझा पिंजरा तिथे आला.

भावाची रीत मला आवडली. तो माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि पेपर मोठ्याने वाचायचा, अगदी हवामानासकट. चार दिवस त्याने माझ्याकडे मान वळवली नाही. ताईचं उलटं. ती पिंजऱ्याला नाक लावून माझ्या डोळ्यांत बघत राहायची. "उजवा चांगला आहे," ती म्हणायची, "डावाही चांगला आहे."

पहिल्याच आठवड्यात शेजारीण मला बघायला आली. मी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणालो, "कंबर बेचाळीस." ती पुन्हा महिनाभर फिरकली नाही.

"एवढ्यात कामाला लागला," भाऊ म्हणाला.

सगळं छान होतं, फक्त मी जेवत नव्हतो. त्याचं असं व्हायचं. सकाळी साडेनऊला ताई पर्स खांद्याला लावून दारात उभी राहायची आणि गोड आवाजात म्हणायची, "येते हं, बॉबिन." 'येते' ही 'येतो'चीच कुणी बहीण असणार, असं मी धरून चाललो. मी लगबगीने पुढच्या दांडीवर यायचो. दहा श्वास व्हायचे. शंभर व्हायचे. खाण्याची वाटी मागच्या बाजूला. मी तिकडे वळलो आणि नेमका तेव्हाच अक्रोड आला तर? म्हणून मी दाराकडे डोळे लावून संध्याकाळपर्यंत तसाच बसायचो. माणसाची फजिती झाली की तुम्ही त्याचा पोपट झाला म्हणता. माझा रोज साडेनऊला होत होता, आणि मी तर मुळातच पोपट.

नुसतं बसवेना, तेव्हा मी छातीवरची पिसं उपटू लागलो. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं.

"पन्नास ग्रॅम उतरलाय. याच्या अंगाला हे फार झालं," ते म्हणाले. "आणखी दोन आठवडे बघा. नाही सावरला तर पक्ष्यांच्या आश्रमात द्या. तिथे याच्या जातीचे बरेच आहेत. तुमच्या हौसेपायी त्याचा जीव नको जायला."

घरात पाऊल टाकलं आणि ताईने सगळा राग भावावर काढला.

"तू त्याच्याशी माणसासारखा वागत नाहीस. पहाटे उठतोस आणि चोरासारखा निघून जातोस. निघताना 'येतो' म्हणायला काय जातं तुझं?"

"म्हणालो होतो एकदा," भाऊ म्हणाला. "आईला."

तो बूट काढत होता. त्याने नाडी सोडवायला बराच वेळ लावला. त्या दिवशी तो ड्युटीवर असतानाच आई गेली होती, हे मला मागाहून त्यांच्या बोलण्यातून कळलं. ताईने आत जाऊन कुकर लावला. त्या संध्याकाळी भावाने पेपर वाचला नाही.

मग ताईचा घसा बसला. इतका की तीन दिवस आवाजच फुटेना. निघताना ती नुसता हात हलवायची. हात हलवण्याचा अर्थ मला माहीत नव्हता, म्हणून मी त्याची वाट पाहिली नाही. वळलो आणि सरळ जेवलो. भाऊ रोज पहाटे निघण्याआधी मला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडा कॅलेंडरवर लिहायचा. चौथा दिवस दोघांच्याही सुट्टीचा होता. ताईचा आवाज बसल्यापासून आकडा चढत होता, हे बघून तो कॅलेंडरसमोर उभा राहिला, पेन्सिल कानामागे ठेवली आणि त्याने मास्तरांना फोन लावला. फोनचा आवाज त्याने मोठा केला होता.

"मास्तर, बाहेर जाताना तुम्ही याला काय सांगायचात?"

"मी कुठे जात होतो बाबा? सुईच्या नेढ्यापलीकडे माझं जग नव्हतं."

"कधी 'येतो' म्हणायचात?"

"म्हणायचो की. चहाला आत गेलो की हा शीळ घालायचा. मी आतून म्हणायचो येतो, आणि त्याचा अक्रोड घेऊन यायचो. तुम्ही ते घरातून निघताना म्हणता होय? आणि हा बसला असेल अक्रोडाची वाट बघत. माझंच चुकलं, हे सांगायचं राहिलं."

"म्हणजे मीच त्याला रोज उपाशी ठेवून जात होते," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"'जाते' म्हण मग," भाऊ म्हणाला.

"जाते म्हणू नये."

"का?"

"म्हणू नये म्हणजे नये. घरातून निघताना कुणी जाते म्हणतं का?"

"मग नुसतं 'संध्याकाळी' म्हण."

"संध्याकाळी? मी काय बातम्या देतेय?"

मास्तर फोनवर अजून होतेच. "ताई, जाताना काहीही म्हणा," ते म्हणाले, "पण तो शब्द टाकून देऊ नका. जिथे उसवलंय तिथेच शिवा. आतून 'येतो' म्हणा आणि खरंच या. चार दिवसांत बसेल घडी."

पहिला प्रयत्न ताईने केला. स्वयंपाकघरात जाऊन जाड आवाज काढून म्हणाली, "येतो रे, येतो." मी तिच्याकडे पाठ फिरवली. बाईच्या तोंडी 'येतो', हे व्याकरण मलाही कळतं.

"हे तुझं काम आहे," ती भावाला म्हणाली.

भाऊ अर्धा अक्रोड घेऊन आत गेला. मी शीळ घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. आतून नळाच्या थेंबांचा आवाज येत होता. ताईने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मी तिसरी शीळ घातली.

"येतो," भाऊ म्हणाला. आवाज इतका खालचा की ताईला बहुतेक ऐकू आला नसेल. मला आला. मी पुढच्या दांडीवर आलो आणि श्वास मोजू लागलो. दहा सोडाच, सहाव्यालाच तो दारात होता. जवळजवळ धावतच आला होता. अक्रोड त्याने इतका घट्ट धरला होता की त्याचा चुरा झाला होता. मी चुरा खाल्ला.

त्या दिवसात त्याने ते अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी ताई म्हणाली, "अरे, त्याला सडपातळ मास्तरांच्या मापाचा ठेवायचाय, का त्या ढेरपोट्या वकिलाच्या?"

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला काट्यावर घेतलं, आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "आश्रमाला कळवायचं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी माझे पंख उचलून पाहिले. मी म्हणालो, "हात वर करा," आणि ते लगेच तपासणी आटोपती घेऊन लिहायला बसले.

आता माझ्या छातीवर करडी लव उगवली आहे. ताई साडेनऊला "संध्याकाळी" म्हणते आणि स्वतःच हसते. मास्तर रविवारी फोन करतात. कुणाचा जुना पक्षी तुमच्या घरी आला, तर तो काय खातो हे विचाराच, पण त्याने आजवर काय ऐकलं हेही विचारा. आम्ही बोलतो फार थोडं. ऐकलेलं मात्र सगळं खरं मानतो.

काल एक नवीनच गोष्ट झाली. भाऊ पेपर वाचत होता. मी दांडीवरून सरकत त्याच्या खांद्याजवळ गेलो, मान खाली घातली आणि मानेवरची पिसं फुलवली. तो घाबरून ताईला म्हणाला, "याला काय होतंय बघ."

"खाजव म्हणतोय," ताई म्हणाली. "बघत काय बसलास?"

त्याने जाळीतून एक बोट आत घातलं. स्टिअरिंगने घट्टे पडलेलं बोट, पण वागायला हळू. जागा मात्र चुकली. नेमकी जागा सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत, मला फक्त मापं येतात. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्याच्या बसने जात असेल, तर उतरताना त्याला एवढं सांगा: डावीकडे, कानाच्या जरा मागे.