मालकीण तळमजल्यावर राहते

झुल्मीरा फुर्तादो यांनी त्या गुरुवारी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच कुणाला तरी फसवायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी त्या सकाळी सातपासून राबत होत्या.

फसवणूक तशी छोटीच होती. अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावातल्या आपल्या तीन मजली लाकडी घरात त्या अजून राहतात, एवढंच विमावालीला दाखवायचं होतं. वरचे दोन मजले भाड्याने आणि तळमजल्यावर मालक, हा तिथला रिवाजच. मालक तळमजल्यावर नसेल तर ते घर कसलं, ती धर्मशाळा, असं त्यांचे यजमान हर्मीनियो म्हणायचे. ते म्हणता म्हणता गेले, पण बाई तळमजल्यावरच राहिल्या.

मग मागच्या हिवाळ्यात खुबा मोडला. मुलीने, ओडेटने, त्यांना पुलापलीकडे सॉमरसेटला आपल्याकडे नेलं. चार दिवसांसाठी, असं ठरलं होतं. त्याला नऊ महिने झाले. तळमजला कुलूप लावून ठेवलेला. भाड्याने द्यायचं नाव काढलं की बाई जेवणाच्या ताटावरून उठायच्या.

विम्याचं झेंगट निघालं ते पॉलिसी नवी करताना. पूर्वी गिल्बेर्तो विमावाला चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिता पिता सगळा फॉर्म स्वतःच भरायचा आणि सहीपुरतं बोट दाखवायचा. आता त्याची मुलगी लुसीलिया काम बघते, आणि ती प्रश्न विचारते.

"मावशी, तुमची पॉलिसी आहे ती मालक स्वतः घरात राहत असेल तर," ती फोनवर म्हणाली होती. "राहत नसाल तर भाडेघराची वेगळी घ्यावी लागेल."

"म्हणजे मी तिथं राहत नाही असं तुला लिहून देऊ?"

"राहत नसाल तर."

"राहते मी!"

"मग गुरुवारी अकराला येऊन बघते. कंपनीला फोटो लागतात."

सकाळी गाडीतून सोडताना ओडेटची बडबड चालूच होती. "आई, कर ना सही. खालचा मजला भाड्याने दे आणि मोकळी हो."

"मोकळं सोडायला मी काय गाय आहे?"

"गाय ऐकते तरी!" असं म्हणून ओडेट कामावर निघून गेली.

ओडेटला हा नुसता कागद वाटत होता. 'मालक राहत नाही' असं एकदा लिहून दिलं, की परत यायची वाट बंद, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. उद्या तिथं कुणाचा तरी पलंग येणार, कुणाचं तरी पोर भिंतीवर रेघोट्या ओढणार. मग त्या कायमच्या मुलीच्या घरच्या पाहुण्या. या विचाराने रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता.

म्हणून त्यांनी धूळ झटकली. अंथरूण मुद्दाम विस्कटलं, दाराशी चपला टाकल्या, टॉवेल ओला करून टांगला. पण राहत्या घराला स्वयंपाकाचा वास लागतो. त्यासाठी केल नावाची पालेभाजी, घेवडा आणि चोरिसो सॉसेज आणलेच होते. सूपचं पातेलं चढवलं, आणि चूक झाली ती इथं.

पातेलं चढवलं ते तळघरात. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या या मंडळींच्या घरात चुली दोन. वरचं, म्हणजे तळमजल्याचं, स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला, चकचकीत, आणि खरं रांधणं तळघरात. वरच्या शेगडीवर झुल्मीराबाईंनी चाळीस वर्षांत चहाशिवाय काही ठेवलं नव्हतं. लुसीलियासाठी देखावा करायचा होता, पण हाताला देखावा ठाऊक नव्हता. कठडा धरून त्या अकरा पायऱ्या उतरल्या, मोठ्या आचेवर पातेलं ठेवून पुन्हा चढल्या. खुबा ठणकायला लागला. तरी कपड्यांची बादली घेऊन मागच्या व्हरांड्यात गेल्या, कारण दोरीवर ओले कपडे फोटोत चांगले दिसले असते.

दुसरा ब्लाउज वाळत घालताना पायाने दगा दिला. त्या कशाबशा फळ्यांवर बसल्या, आणि मग उठता येईना.

आधी घेवडा करपल्याचा वास आला. मग त्यात दुसराच वास मिसळला, कापडाचा. शेगडीच्या बाजूच्या खुंटीवर फडकं होतं. मागच्या जिन्याच्या दारातून धुराची रेघ वर निघालेली दिसली. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी कामावर गेलेली, पण दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू इवोन तावारेस होती, वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून नुकती झोपलेली. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणजे तिच्या दोन्ही मुलीही घरातच.

"इवोन! इवोऽन! पोरींना बाहेर काढ!"

इवोन अनवाणी धावत आली. पोरींना अंगणात पिटाळलं आणि तशीच तळघरात घुसली. आतून भांडी आदळल्याचा, पाणी ओतल्याचा आवाज आला. ती खोकत वर आली तेव्हा तिच्या बाहीला जळून भोक पडलेलं होतं.

"विझलं. भिंत काळी झालीय, बाकी काही नाही. तुम्हाला लागलं का, मावशी?"

 अंगणात दोन पोरी झोपेतल्या कपड्यांत एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. बाईंना त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

इवोनने त्यांना उचलून दिवाणखान्यात आणून बसवलं, तोच बेल वाजली. लुसीलिया आली ती नाक आक्रसतच. "कसला वास?"

"मावशींचं सूप करपलं," इवोन पटकन म्हणाली. विमावाली येणार हे तिला ओडेटकडून कळलेलं दिसत होतं. "मावशी इथंच असतात हो. रोज स्वयंपाक करतात. मी वरून रोज बघते ना!"

इतकं सफाईदार खोटं, तेही हात पोळलेला असताना. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लुसीलिया," त्या म्हणाल्या, "आज घर पेटलं असतं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी इथं राहत नाही हे मागाहून कळलं असतं तर?"

लुसीलियाने इवोनकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे. "कंपनी हात वर करते, मावशी. घराचंही काही मिळालं नसतं. आणि वरच्या कुणाला इजा झाली असती, तर त्याचंही तुमच्याच डोक्यावर आलं असतं."

"मावशी, गप्प बसा ना," इवोन हळूच म्हणाली.

"तू गप्प बस. हात नळाखाली धर जा, आणि पोरींना काहीतरी खायला घाल." मग लुसीलियाला म्हणाल्या, "लिही. मालकीण इथं राहत नाही."

लुसीलिया खुर्ची ओढून बसली आणि एकेक विचारू लागली. घर जळालं तर जुन्या घराची किंमत हवी, की पुन्हा बांधायचा खर्च? पुन्हा बांधायचा, बाई म्हणाल्या. भाडेकरूला किंवा आल्यागेल्याला इजा झाली तर? सगळ्यात मोठा आकडा टाक. दुरुस्ती होईपर्यंत बुडणारं भाडं? तेही घाल.

"आणि हा मजला? फार दिवस रिकामा ठेवला तर कंपनी कुरकुर करते. कुणी येणार आहे का राहायला?"

बाईंनी आतल्या खोलीच्या दारातून दिसणाऱ्या विस्कटलेल्या पलंगाकडे पाहिलं.  

"येईल," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पोरंबाळं असलेलं कुटुंब बघून देईन."

"बरं. कागद कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

"तीनशे सत्तावीस..." तोंडातून सवयीने याच घराचा नंबर निघाला, आणि त्या थांबल्या. ओडेटचा रस्ता त्यांना ठाऊक होता. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, दारापुढचं मेपलचं झाड, सगळं ठाऊक होतं. घराचा नंबर मात्र काही केल्या आठवेना. नऊ महिन्यांत त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"ओडेटला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मी कुठं राहते, ते तिला विचार."