आत ओढलेला होकार

माझ्या नवऱ्याने मला जन्मात कधी ‘हो’ म्हटलं नव्हतं. म्हणजे तोंडाने, आवाज काढून. इकडची माणसं होकार बाहेर टाकतच नाहीत, आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा आणि बशीतली गरम कॉफी सुर्रकन ओढावी तसा श्वास आत घ्यायचा. शूप्! झाला होकार. स्वीडनच्या या उत्तरेकडच्या जंगलात थंडीच एवढी, की तोंड उघडायची कुणाला हौस नसावी, असं मी इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात म्हटलं होतं. मी मूळची दक्षिणेकडची. शाळेत शिवण शिकवायला आले, सिक्स्टनच्या प्रेमात पडले आणि राहिले. दोघांच्या वाटची बडबड मीच करते. तो शूप् मात्र मला कधी जमला नाही. करायला गेलं की ठसका लागतो आणि गावाची करमणूक होते.

आमच्या लग्नातला पाद्रीही दक्षिणेकडचा, नवाच आलेला. “सिक्स्टन, तुला माइवोर पत्नी म्हणून मान्य आहे का?” शूप्. पाद्री आपला वाट बघत उभा. त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा शूप्. बिचाऱ्याला वाटलं, नवरदेवाला घाबरून धाप लागली आहे. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडलं, तशी माझी सासू पहिल्या बाकावरून कडाडली, “अरे, हो म्हणालाय तो! पुढे चल!”

गेल्या फेब्रुवारीत एल्कच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकाऱ्यांचं जेवण झालं आणि तिथून इन्फ्लुएन्झा घरोघर गेला. सिक्स्टन सगळ्यांच्या शेवटी आडवा झाला. ताप उतरेना तेव्हा मी त्याला गावातल्या चार खाटांच्या दवाखान्यात पाठवलं. मी गाडी काढते म्हटलं तर ऐकेल तर शपथ! बर्फावरची ढकलगाडी पायाने रेटत गेला. या वयात, तापात!

दवाखान्यात आनेली नर्स आमच्या गावचीच. डॉक्टर मात्र महिन्या-दोन महिन्यांच्या करारावर येतात नि जातात. या खेपेला तुवा नावाची पोरगी होती, थेट दक्षिणेच्या टोकाची. आमच्या देशात राजघराणं सोडलं तर सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, त्यामुळे तीही मला ‘माइवोर, तू’ आणि मीही तिला ‘अगं पोरी’. तिने रक्त घेतलं, सिक्स्टनला ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं.

“माणूस आहे की बर्चचं झाड?” मी आनेलीला म्हटलं. “रोज काय टोचून काढताय?”

“बर्चचा रस तरी गोड असतो,” आनेली म्हणाली. “याच्या रक्तात नुसती कॉफी निघतेय.”

सिक्स्टन खाटेवर बसून शब्दकोडं सोडवत होता. गाल लाल, डोळे थोडे चमकणारे, पण बाकी माझाच नवरा. मी इकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे टाकून आणले होते, ते त्याने चमच्याने काढून खाल्लेसुद्धा. मला वाटलं, उद्या घरी नेते.

तेवढ्यात तुवा आली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की बातमी बरी नसते.

“मला त्याला किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचंय,” ती म्हणाली. “आत्ताच. हेलिकॉप्टर येऊ शकतं. संध्याकाळपासून वादळ आहे, मग ना हेलिकॉप्टर ना रस्ता.”

“कशासाठी? बसलाय बघ की राजासारखा!”

“आज बसलाय. त्याचं रक्त उद्याचं सांगतंय, माइवोर.”

मला रागच आला. किनाऱ्याला आमची माणसं गेली की परत येताना कशी येतात, ते मला माहीत होतं. सासूला असंच नेलं होतं. “जरा जाऊन येते, बटाटे उकडून ठेव,” म्हणून गेली आणि पेटीतून आली. ते उकडलेले बटाटे मी किती दिवस टाकून दिले नव्हते.

“ऐक तूच,” मी तुवाला म्हटलं आणि खाटेकडे वळले. “सिक्स्टन, तुला बरं वाटतंय ना?”

शूप्!

तुवा ताडकन उठली. “पाहिलंस? श्वास लागलाय त्याला! आनेली, प्राणवायू लाव!”

आनेलीने तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. “अगं, तो ‘हो’ म्हणाला.”

“कुठे म्हणाला?”

“आत म्हणाला,” आनेली म्हणाली. सिक्स्टनने डॉक्टरीणबाईंना मदत म्हणून पुन्हा एकदा, सावकाश करून दाखवलं. शूप्. तुवा कानापर्यंत लाल झाली. मग तीही हसली, पण हसून झाल्यावर परत खुर्चीत बसली. गेली नाही. तेव्हा मला ती पहिल्यांदा आवडली.

“बरं. मी त्याचा होकार ऐकला नि मला धाप वाटली,” ती म्हणाली. “तू ऐकलास नि तुला तो बरा वाटला. आपण दोघींनी आपापल्या मनातलंच ऐकलं. रक्ताला असली गावाची बोली नसते. हे बघ, विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, लिम्फोसाइट म्हणतात त्यांना. काल त्या कमी होत्या, आज कालच्या निम्म्यासुद्धा नाहीत. आणि हा दुसरा आकडा, सीआरपी. आत किती आग पेटलीय ते हा सांगतो. काल ठीक होता, आज कितीतरी वर गेलाय. एक खाली, एक वर, असं दोन्ही एकदम झालं की पुष्कळांची फुप्फुसं एक-दोन दिवसांत दमतात.”

“सगळ्यांची?”

“नाही. सगळ्यांची नाही.”

“म्हणजे न जाताही तो बरा होईल?”

“होईलही. मी शपथ घेऊन नाही सांगू शकत. पण बिघडलं, तर इथे माझ्याकडे लागतं ते यंत्र नाही, आणि वादळात मी त्याला कुठे नेऊ?”

मी सिक्स्टनकडे पाहिलं. त्याने शब्दकोडं मिटलं. “माइवोर म्हणेल ते,” तो म्हणाला. आमच्या घरात घराचा रंग आणि कुत्र्याचं नाव याच वाक्यावर ठरलं होतं. पण आज हे माझ्या गळ्यात नको होतं. नाही म्हटलं आणि तो गेला, तर? हो म्हटलं आणि तो तिकडे एकटा, माझ्यावाचून गेला, तर?

मी त्याचा हात धरला. हात भाजत होता. इतकी वर्षं मी त्याला हजार प्रश्न विचारले असतील, चुलीत लाकूड घातलंस का, दार लावलंस का, पण हा कधी विचारला नव्हता.

“सिक्स्टन, तुला भीती वाटतेय का रे?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठांचा चंबू झाला. शूप्. अगदी लहानसा, आणि मध्येच खोकल्याने तुटला.

माझा नवरा खोटं बोलत नाही. तेवढे शब्दच खर्च करत नाही तो. “बोलाव तुझं हेलिकॉप्टर,” मी तुवाला म्हटलं.

हेलिकॉप्टरमध्ये मला जागा नव्हती. मी पार्किंगमध्ये उभी राहिले आणि माझी टोपी बर्फात उडून गेली. संध्याकाळी वादळ आलं, आणि दुसऱ्या दिवशी सिक्स्टनची फुप्फुसं दमली. रक्ताने सांगितलं होतं अगदी तसंच. तिथे त्याच्या नाकातून जोराचा प्राणवायू सुरू होता. इथे ते यंत्रच नव्हतं.

तिकडच्या नर्सने फोन त्याच्या कानाशी धरला. “सिक्स्टन, मी बोलतेय. ऐकू येतंय का?”

“हो,” तो म्हणाला.

तोंडाने म्हणाला. बाहेर, बारीक, परक्या माणसासारखं. आयुष्यभर मी त्याला चिडवत होते की एकदा तरी नीट ‘हो’ म्हण रे बाबा, आणि तो म्हणाला तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. आत ओढायला त्याच्याकडे श्वासच उरला नव्हता.

वादळ ओसरलं, तरी रस्ता बंदच. तुवा गावात अडकलेली. ती रोज दवाखाना संपला की माझ्याकडे यायची. तिकडचे रक्ताचे आकडे तिला कळलेले असायचे. “पेशी आज थोड्या वर आल्यात,” सांगायची. किंवा, “आज तेवढ्याच.” मग आम्ही कॉफी प्यायचो. मी तिला बशीतून प्यायला शिकवलं. मला आधी ज्या आकड्यांचा राग यायचा, त्यांच्यासाठी आता मी खिडकीशी उभी राहून तिची वाट बघत होते.

एके दिवशी ती आल्या आल्या म्हणाली, “दोन्ही आकडे फिरलेत, माइवोर. लिम्फोसाइट वर, सीआरपी खाली. त्याला अजून कळलंही नसेल, पण तो बरा होतोय.”

“माझा नाही विश्वास. मला ऐकू दे.”

मी तिथूनच फोन लावला. आज कुणी नवी नर्स होती, बोलण्यावरून दक्षिणेकडची. तिने फोन त्याच्या कानाशी धरला. मी आपली बोलत सुटले. छपरावरचा बर्फ शेजाऱ्यांनी काढला. तळ्यावरचं तुझं मासे धरायचं भोक गोठलं. कुत्रा तुझ्या खुर्चीत झोपतो, मी उठवत नाही. पलीकडून नुसती यंत्राची घरघर.

“सिक्स्टन, घरी यायचंय ना रे तुला?”

शूप्!

लांब, भरलेला, थेट तळापासून ओढलेला. पाठोपाठ काहीतरी खाली आपटलं आणि नर्सचा घाबरा आवाज आला, “अरे, इकडे या कुणीतरी, पेशंटचा श्वास अडकलाय!”

“अगं, हो म्हणालाय तो!” मी फोनमध्ये कडाडले. तो आवाज माझा नव्हता, पहिल्या बाकावरच्या माझ्या सासूचा होता. “हो म्हणालाय! पुढे चल!”

पलीकडून खोकल्यात मिसळलेलं हसू ऐकू आलं. मी फोन ठेवला. तुवा बशी हातात धरून माझ्याकडे बघत होती.

“येतोय घरी?” तिने विचारलं.

मी ओठ गोल केले आणि श्वास आत ओढला. ठसका लागला नाही.