चंदन हिवंज कामावर आहे किंवा कसे

विषय : समुद्रपूर तालुक्यातील श्री. चंदन रामाजी हिवंज, वय सत्तावीस, हे कामावर आहेत किंवा कसे, याबाबत.

संदर्भ : १) रोजगार व बेरोजगार पाहणी, नमुना चार, कुटुंब क्रमांक सदतीस. २) श्री. हिवंज यांचा नोंद दुरुस्तीचा अर्ज.

महोदय,

वरील विषयी सादर करण्यात येते की, संदर्भ क्रमांक एक म्हणजे मीच. मी नमुना चार बोलतोय. चार पानी, पाठपोट, डाव्या कोपऱ्यात एक टाचणी. मला विचारल्याशिवाय चंदन कामावर आहे की बेकार, हे कुणी सांगू शकत नाही, आणि मला विचाराल तर माझं मलाच कळेनासं झालं आहे.

माझा जन्म वर्ध्याला एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. मूळ नमुना वरून आला तो घाईतच. जनावरांच्या गणनेचा एक जुना फॉर्म कुणीतरी समोर ठेवला, गाई-म्हशींच्या जागी माणसं घातली आणि मला तयार केलं. ‘बकऱ्या (संख्या)’ हा रकाना मात्र काढायचा राहून गेला. एकदा छापलेला रकाना भरावाच लागतो, नाहीतर फॉर्म अपूर्ण ठरतो. त्यामुळे जिल्ह्यात किती माणसं बेकार आहेत हे शोधायला निघालेला मी, प्रत्येक दारात बकऱ्यांचीही चौकशी करत होतो.

मला घेऊन फिरायची ती मयुरी. बी.कॉम. झालेली, पंचेचाळीस दिवसांच्या करारावर नेमलेली. ऊन असो, कुत्रं मागे लागो, ती मला पॅडला लावून गावभर हिंडायची. कार्यालयानं तिला एकच सूचना पक्की दिली होती. ऐकलं ते लिहायचं, पाहिलं ते लिहायचं नाही.

या पाहणीतली एक अडचण मला पहिल्याच आठवड्यात समजली. जो कामावर असतो तो घरी सापडत नाही. आणि जो घरी सापडतो, तो बेकार आहे असं घरचं कुणी कबूल करत नाही.

गिरडच्या रस्त्यावरच्या त्या गावात आम्ही गेलो तेव्हा वेचणीचे दिवस होते. हिवंजांच्या पुढच्या खोलीत अर्ध्यापर्यंत कापूस भरलेला. रामाजी शेतात. सुलोचनाबाई नुकत्याच दुसऱ्याच्या वावरातून वेचून आल्या होत्या आणि आल्याआल्या म्हशीला पाणी दाखवत होत्या. बोंडांच्या काट्यांनी बोटं चिरलेली. मयुरीनं त्यांना विचारलं, “काकू, तुम्ही काय काम करता?”

“मी का करनार बाई. काई नाई. घरीच.”

मयुरीनं ऐकलं ते लिहिलं : घरकाम, कामाच्या शोधात नाही.

आता पुढचा प्रश्न मुलाचा. चंदन आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं नागपूरकडच्या एका कारखान्यात कंत्राटी होता, कंत्राट संपलं, आठ महिने झाले घरी आहे. हे सारं मला नंतर कळलं. त्या वेळी ओट्यावर शेजारच्या मनकर्णाबाई बसल्या होत्या. विरजण न्यायला आल्या होत्या, पण पाहणी चाललेली बघून टेकल्या. त्यांच्या बहिणीची मुलगी आष्टीला, लग्नाची. चंदनसाठी तिचं नाव निघालं होतं. आणि आजकाल आमच्या भागात मुलीचा बाप आधी घर बघत नाही, शेत तर नाहीच नाही. नोकरीचा कागद बघतो.

“मुलगा काय करतो?” मयुरीनं विचारलं.

सुलोचनाबाईंनी एकदा मनकर्णाबाईंकडे पाहिलं. “नागपूरले हाय नं कंपनीत. शनवार-इतवार येते. परमनंट.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. वार बुधवार.

“काय वं सुलोचना,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “आत कोन खोकलून राह्यलं?”

“बकरी होय.”

मयुरीनं मान वर केली नाही. “काकू, बकऱ्या किती मग?”

“एकच हाय,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

मयुरीनं लिहिलं. चंदन : कामावर. बकऱ्या : एक. ज्या घरात बकरी नाही तिथे बकरी आली आणि ज्या मुलाला नोकरी नाही तो नोकरीला लागला. असा मी पूर्ण झालो आणि गठ्ठ्यात गेलो.

गठ्ठ्यातून माझे आकडे संगणकात गेले, संगणकातून अहवालात. अहवाल रंगीत होता. तालुक्यात बेरोजगारीचा कल घटता असल्याचं त्यात म्हटलं होतं आणि खाली उतरणारी एक लाल रेघ काढली होती. ती रेघ खाली आणण्यात चंदनचाही बारीकसा वाटा होता. मयुरीचाही होता. पाहणीच्या आठवड्यात ती बेकार माणसं मोजण्याचं काम करत होती, म्हणून तिच्या घरच्या फॉर्मवर ती कामावर होती. पंचेचाळीस दिवस संपले आणि तीही घरी बसली. पण रेघ तोवर काढून झाली होती.

घोळ झाला तो यादीमुळे. पाहणीत ज्यांची नोंद ‘बेरोजगार’ अशी आहे त्यांनाच हिंगणघाटला सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि पास झाल्यावर तिथल्याच कारखान्यात काम, असं ठरलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागली. चंदन वरून खाली, मग खालून वर वाचत गेला. किराणा दुकान चालवणारा एकजण त्या यादीत होता. त्याच्या आईनं म्हणे खरं काय ते सांगितलं होतं, पोरगा दिवसभर दुकानात नुसता बसून असतो म्हणून. चंदनचं नाव नव्हतं.

त्यानं मयुरीला फोन केला. मयुरीनं सांगितलं, “दादा, तुमच्या आईंनी जे सांगितलं ते मी लिहिलं.”

त्या संध्याकाळी हिवंजांच्या घरी काय झालं ते चंदननंच पुढे कार्यालयात सांगितलं.

“आई, काऊन सांगतलं तू असं?”

“मंग का सांगू? मनकर्णा बसली होती नं समोर. तिच्यापुढं म्हनू का, माहा पोरगा घरी बसून हाय?”

“मंग बकरी कायले लिवली?”

“तू कायले खोकलला?”

रामाजी जेवत होते. ते म्हणाले, “आता दोघंबी चूप बसा, आन अर्ज कसा करा लागते ते पाहा.”

अर्ज झाला. माझा पत्ता शोधायला अकरा दिवस लागले. मला गठ्ठ्यातून काढून अर्जाच्या मागे लावलं, तेव्हापासून मी फाइलीत आहे. कार्यालयाचं नाव सांगण्याची मला परवानगी नाही. तिथले लिपिक सज्जन होते. त्यांनी नियम पाहिला. नोंद बदलायची तर जिनं माहिती दिली तिचा लेखी जबाब हवा. शिवाय माहिती देताना जे हजर होते त्यांच्यापैकी दोघांची साक्ष हवी.

हजर होत्या दोघीच. एक मयुरी. दुसऱ्या मनकर्णाबाई.

महोदय, मी कागद आहे. मला पोट नाही, मूल नाही. पण सुलोचनाबाईंना त्या दिवशी किती जड गेलं असेल ते मला समजतं. जिच्यापासून गोष्ट लपवायला खोटं सांगितलं, तिच्याच दारात जाऊन म्हणायचं, चल बाई, माझा मुलगा बेकार आहे हे सही करून सांग. दोन दिवस त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षणाची तारीख कळली, तेव्हा गेल्या, असं त्यांनीच पुढे कार्यालयात मयुरीला सांगितलं.

मनकर्णाबाई सुपात धान्य पाखडत होत्या. सारं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “अवं, मले का माहीत नव्हतं? पाहनीच्या आदल्या दिवशी तुह्या त्या बकरीनंच माहा मिक्सर दुरुस्त करून देल्ला.”

सुलोचनाबाई तिथेच उंबऱ्यावर टेकल्या.

“आन आमच्या आष्टीच्या पोट्टीलेबी म्या सांगतलं कवाच,” मनकर्णाबाई पुढे म्हणाल्या. “ते म्हनते, हातात काम हाय नं त्याच्या, मंग चालते. पन तिचा बाप आयकत नाई. बापाले कागद पाह्यजे. कारखान्याचं पत्र आलं की म्हने बोलनी करू. संकरातीपर्यंत थांबतो म्हनला, मंग दुसरं पाहीन. चाल, कवा जाचं हाय ते सांग. चांगलं लुगडं नेसून येतो.”

म्हणजे आता सारं माझ्यावर आलं. माझ्यावरची एक खूण ‘कामावर’ या चौकटीतून निघून शेजारच्या चौकटीत गेली, तर चंदन यादीत. यादीत तर प्रशिक्षण, प्रशिक्षण तर पत्र, पत्र तर आष्टीची मुलगी. दोन चौकटींमधलं अंतर अर्ध्या बोटाचंही नाही. मी रोज बघतो.

मंगळवारी सुलोचनाबाई, चंदन, मयुरी आणि मनकर्णाबाई असे चौघंही कार्यालयात आले. चंदन नवा शर्ट घालून आला होता. आपण बेकार आहोत हे सिद्ध करायला नवा शर्ट घालू नये, एवढं त्याला कुणी सांगायला हवं होतं.

लिपिकांनी जबाब लिहायला घेतला. “नाव?”

“सुलोचना रामाजी हिवंज.”

“व्यवसाय?”

“काई नाई. घरचंच.”

मयुरी मध्येच म्हणाली, “साहेब, काकू सकाळी सात ते बारा वेचणीला जातात. दोन म्हशी आहेत. दूध डेअरीला घालतात. त्यांची नोंदही दुरुस्त करू या का?”

“एका अर्जात एकच दुरुस्ती,” लिपिक म्हणाले. “बाई, तुमच्या मुलाबद्दल काय सांगायचं आहे?”

सुलोचनाबाईंनी पदर नीट केला. खोलीत इतर टेबलांवर माणसं होती, बाकावर बसलेली होती, दारात चहावाला उभा होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोरगा घरी हाय.”

“म्हणजे?”

“कामावर नाई.”

“म्हणजे बेरोजगार?”

“हो.”

“तसं म्हणा. मला शब्द लिहावा लागतो.”

“बेकार हाय,” सुलोचनाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. चंदन खिडकीबाहेर बघत होता.

“आणि बकरी?”

“बकरी नाई.”

इथवर सगळं सुरळीत होतं. मयुरीची साक्ष झाली. मग मनकर्णाबाई उठल्या. भावी जावयाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, असं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

“साहेब, पोरगा हिरा हाय. घरी बसून हाय पन हातावर हात ठेवून बसत नाई. माहा मिक्सर कोनालेच जमला नाई, समुद्रपूरच्या दुकानवाल्यालेबी नाई. ह्यानं एका बैठकीत चालू करून देल्ला.”

लिपिकांचा पेन थांबला. “कधी?”

“ते मॅडम आली नं, त्याच्या आदल्या दिवशी. मंगळवार होता.”

“काही दिलंत त्याला?”

“असंच कसं पाठवीन, साहेब? टोपलंभर वांगे देल्ले. घरचे.”

लिपिकांनी मला उलटं केलं. माझ्या पाठीवर बारीक अक्षरात सूचना आहेत. स्वतःची पाठ कुणाला दिसते? मला तोवर माहीत नव्हतं की तिथे सातवी सूचना अशी आहे : मागील सात दिवसांत एक तास जरी मोबदला घेऊन काम केले असल्यास व्यक्ती कामावर समजावी.

लिपिकांनी ती मोठ्यानं वाचली. मयुरीनं डोळे मिटले. तिला सूचना पाठ होत्या.

चंदन पहिल्यांदाच बोलला. “एक तास नाई झाला, साहेब. पाऊन तास लागला असन.”

“खोटं कायले बोलतं, बाप्पा!” मनकर्णाबाई त्याच्या बाजूनं भांडायला उभ्या राहिल्या. “चांगला दीड तास बसला होता, साहेब. पोरगा कामाले कच्चा नाई. मंधात चहा घेतला तेवढाच काय तो.”

सुलोचनाबाईंनी मनकर्णाबाईंचा हात धरून त्यांना खाली बसवलं. “काय झालं वं? म्या वाईट बोलली का काई?” असं मनकर्णाबाई विचारत राहिल्या.

लिपिकांना वाईट वाटलं होतं, ते मी जवळून पाहिलं. त्यांनी कुणाच्या विरुद्ध काही लिहिलं नाही. बाजूनंही लिहिलं नाही. त्यांनी माझ्यावर एक चिठ्ठी लावली : ‘वांगी हा मोबदला धरावा किंवा कसे, तसेच चहाचा वेळ कामाच्या वेळेतून वजा करावा किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागविण्यात यावे.’

मी आता असा पडून आहे. माझ्या एका चौकटीत दिवसभर राबणारी बाई बेकारसुद्धा नाही, नुसती घरी आहे. दुसऱ्या चौकटीत आठ महिने काम शोधणारा मुलगा एका मिक्सरमुळे कामावर आहे. मला बनवणाऱ्यांना काय मोजायचं होतं, हे मी पुष्कळ आठवून पाहतो. माझी विनंती एवढीच की कुणीतरी येऊन माझ्यावर काट मारावी. नीट भरलेला फॉर्म म्हणून जपून ठेवण्यापेक्षा खाडाखोड झालेला कागद म्हणून मला राहू द्यावं.

काल सुलोचनाबाई एकट्याच आल्या होत्या. लिपिक रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या नव्या माणसानं विचारलं, काय काम आहे? बाकावर त्यांच्याच गावचे दोघं बसले होते.

“पोरगा बेकार हाय माहा,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “त्याच्यासाठी आली. लिवून घ्या.”

नव्या माणसानं फाइल काढली, चिठ्ठी वाचली आणि फाइल परत ठेवली.

तरी सादर की, मार्गदर्शन अद्याप प्राप्त झालेले नाही. प्रशिक्षणाची तुकडी सोमवारी सुरू होत आहे. आज शुक्रवार. उद्या व परवा कार्यालयास सुटी आहे. अर्ज प्रलंबित आहे.