गार लागलेली ट्यूब

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या लॅबच्या भिंतींनाही ठाऊक आहे. बावीस वर्षं रक्त तपासतेय. वॉर्डवाल्यांनी घातलेले घोळ लिहून काढायचे म्हटले तर एक वही पुरायची नाही.

लिव्हर बदललेल्या पेशंटची एक तपासणी माझ्याकडे असते. शरीराने नवं लिव्हर झिडकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. ती कितपत उरलीय ते मी बघते. रक्तातल्या पेशींना ट्यूबमध्येच डिवचायचं, रात्रभर उबेत ठेवायचं आणि सकाळी त्या किती खवळल्या ते मोजायचं. आकडा अगदी तळाला गेला तर इन्फेक्शन दारात उभं आहे असं समजायचं. मग डॉक्टर ती औषधं लगेच कमी करतात. अट एकच, रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. गारठलेल्या पेशी कशालाच दाद देत नाहीत. आणि वॉर्डवाले नेमकं तेच करतात!

त्या शुक्रवारी टेलरदादांची, लिव्हर बदललेल्या एका शिंप्याची, ट्यूब आली. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. लिव्हरचा तुकडा त्यांच्या धाकट्या भावाने, वायरमनने, दिला होता. ट्यूब हाताला गार लागली आणि माझं डोकंच फिरलं. मी वॉर्डात फोन लावला.

"ठेवलीत ना परत फ्रिजमध्ये?"

"नाही हो मॅडम," नवी सिस्टर म्हणाली. "एसीखाली ट्रेमध्ये होती, दहाच मिनिटं. आईशप्पथ!"

"मला शिकवू नका," म्हणून मी फोन आपटला.

तरी तपासणी लावली. शनिवारी सकाळी आकडा जवळजवळ शून्य. 'बघा, म्हटलं नव्हतं?' खरं सांगते, तेव्हा मला बरंच वाटलं. रिपोर्टवर लिहिलं, 'नमुना खराब, पुन्हा पाठवा.' आकडा लिहिलाच नाही.

रविवारी ही तपासणी होत नाही. सोमवारी दुसरं रक्त आलं, चांगलं कोमट. मंगळवारी आकडा पाहिला. तोच, जवळजवळ शून्य.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने धावत वर गेले. टेलरदादा व्हेंटिलेटरवर होते. फुप्फुसात बुरशी पसरली होती. डॉक्टरांनी औषधं बंद केली, पण गुरुवारी ते गेले.

शुक्रवारी दुपारी वायरमन लॅबच्या खिडकीशी आला. एक हात पोटावरच्या टाक्यांवर, वाकूनच चालत होता.

"मॅडम, खरं सांगाल? माझा तुकडा खराब होता का? मी आधी प्यायचो. सोडून चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, चांगला होता. पण ते काय, धीर द्यायला म्हणत असतील. तुम्ही मशीनवर बघता."

"लिव्हर चांगलं होतं," मी म्हणाले. तेही खरंच होतं. तेवढ्यावर खिडकी लावून घेता आली असती.

"मग दादा गेला कशाने?"

"शनिवारी त्यांचा आकडा माझ्या हातात होता. मला वाटलं, सिस्टरने ट्यूब गारठवली. ती नाही म्हणत होती, पण मी ऐकलं नाही. डॉक्टरांना कळवलंच नाही."

"कळवलं असतं तर?"

"औषधं तेव्हाच कमी केली असती. वाचलेच असते असं छातीठोक नाही सांगत. पण तीन दिवस मिळाले असते."

त्याने मला शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं. त्याने खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं आणि तो हुंदके देत रडायला लागला.

"म्हणजे मी नाही मारलं त्याला," तो म्हणाला.

मग शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "वहिनी माझ्याशी बोलत नाही. दारुड्याचं लिव्हर घातलं म्हणते. खाली गाडीत बसलीय. हे तिला सांगाल? माझं ती ऐकायची नाही."

मी एप्रन काढला. लिफ्टपाशी गर्दी होती, म्हणून आम्ही जिना धरला. त्याला पायऱ्या उतरवेनात. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तसेच आम्ही एकेक पायरी खाली गेलो.