खिळ्यावरचा कप

मोठ्या सिस्टरांचा कशावरच विश्वास नव्हता. नवा थर्मामीटर आला की आधी तो स्वतःला लावून तो खरं बोलतो का, ते त्या बघत. डॉक्टरांच्या अक्षरावर त्यांचा संशय होता, दूधवाल्याच्या हसण्यावर होता, आणि "आता अगदी बरं वाटतंय" म्हणणाऱ्या पेशंटवर तर सगळ्यात जास्त. असं म्हणणारी बाई एकतर घरी जायच्या घाईत असते, नाहीतर फार आजारी असते, असं त्यांचं बावीस वर्षांच्या नोकरीतलं मत होतं.

तापाच्या साथीचा तिसरा महिना चालू होता. बायकांच्या वॉर्डात खाटा तीस आणि पेशंट सत्तेचाळीस. वरच्या सतरा जणी जमिनीवर गाद्या टाकून होत्या, आणि कागदावर त्या कुठेच नव्हत्या, कारण कागदावर जमीन नव्हती.

सकाळी सात वाजता पाळी बदलताना मोठ्या सिस्टर पेशंटच्या आधी नर्सना तपासत.

"जीभ दाखव."

"सिस्टर, मी पेशंट नाहीये."

"ते मी ठरवेन. काल किती झोपलीस?"

"सहा तास."

"खोटं. डोळे चार तासांचे आहेत. आज तू औषधाच्या कपाटाशी बस, मोजमाप कर आणि कोणाशी बोलू नकोस."

याला त्या शिस्त म्हणत. माया हा शब्द त्यांच्यासमोर कोणी काढला असता तर त्यांनी त्याचीही जीभ बघितली असती. पण त्यांच्या खिशात एक छोटी वही असे. वॉर्डात कोणी दगावलं की त्या वेळी खाटेपाशी कोण होती, तिच्या नावापुढे त्या खूण करत. दुसऱ्या वेळी त्या मुलीला काहीतरी निमित्त काढून लांब पाठवत. एका पाळीत एकीच्या वाट्याला दोन मरणं येऊ द्यायची नाहीत, हा त्यांचा हिशेब. मुलींना वाटे, बाई आपल्याला उगाच पळवतात.

वॉर्डाच्या टोकाला नर्सची खोली होती. तिथे फळीवर निळ्या काठाचे बारा कप. तेरावा कप खोलीबाहेर, दाराच्या चौकटीला ठोकलेल्या खिळ्यावर. पत्र्याचा, कडेला रंग उडालेला. तो मावशीचा.

मावशी म्हणजे वॉर्डातली आया. तापलेल्या अंगांना स्पंजिंग करणं, घाणीची चादर काढून उकळवणं आणि कोणी गेलं की त्या देहाला शेवटची आंघोळ घालणं, ही तिची कामं. तिला चहा द्यायचा तर ती कप धरून उंबऱ्याबाहेर उभी राही आणि आतून कोणीतरी वरून धार सोडी. बारा कपांना तिनं हात लावायचा नाही. ते नर्सनी आपापले धुवायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. विचारलं असतं तर प्रत्येकीनं सांगितलं असतं, "माझ्या मनात तसं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालणार नाही." अशा बारा जणी. कोणाच्याच मनात काही नाही, आणि कप खिळ्यावर.

मग नर्स आजारी पडायला लागल्या. आधी एक, चार दिवसांनी दुसरी, आठवड्याच्या आत तिसरी. पेशंटना ताप येतो हे ठीक, पण नर्सना? वॉर्डात कुजबुज सुरू झाली. घड्याळबाईंनी ती कुजबुज नीट वाक्यात बसवली. घड्याळबाई म्हणजे मोठ्या सिस्टरांच्या खालोखालच्या नर्स. समोरचा बोलत असला की त्या मनगटाकडे बघत, म्हणून हे नाव.

"अहो, सरळ आहे," त्या म्हणाल्या. "मेलेल्यांना कोण हात लावतं? मावशी. तोच हात दाराच्या कडीला, तोच खाटेच्या दांडीला. आणि ती स्वतः बघा, ठणठणीत! तीन महिन्यांत एक शिंक नाही. मला तर हे संशयास्पद वाटतं."

"ठणठणीत असणं?"

"या दिवसांत? हो."

त्या दिवसापासून मावशी जवळून गेली की पदर नाकाला जाऊ लागले. तिनं पुसलेली दांडी पुन्हा पुसली जाऊ लागली. मोठ्या सिस्टर मात्र आधी दुधावर घसरल्या. त्यांनी दूधवाला बदलला. मग साखर बदलली. मग चहाच बंद करून बघितला असता, पण नर्सनी बंड केलं असतं.

त्यांना आणखी एक शंका छळत होती. साथीसाठी बाहेरगावच्या नर्सिंग शाळेतून एक मुलगी आली होती, तिला सगळे 'नवी' म्हणत. नवी कामाला चोख. पण ती मावशीला कधी काम सांगत नसे. चादर हवी असली तर स्वतः जाऊन आणी. आणि चादरीचा कोपरा ती जसा दुमडून आत खोचे, तसा या इमारतीत फक्त मावशी खोचत असे. शाळेत हे शिकवत नाहीत. मोठ्या सिस्टरांनी ते बघितलं आणि मनात ठेवलं.

बुधवारी नवीला अर्धी सुट्टी असे. ती हॉस्पिटलच्या पुढच्या फाटकातून बाहेर पडे, बाजाराला वळसा घाली, औषधांच्या दुकानात पाच मिनिटं काहीही न घेता उभी राही, आणि मागच्या गल्लीतून धोबीखान्यामागच्या चाळीत शिरे. तिसरी खोली. दार आतून लोटलेलं असे.

"कोणी बघितलं?" दार उघडतानाच मावशीनं विचारलं.

"नाही गं आई."

"आधी हात. कोपरापर्यंत. नखं बघू."

नवीनं हात धुतले. दोनदा. चुलीवर पाणी उकळत होतं. या घरात ते कायमच उकळत असे. वडील खाटेवर पाय लांब करून बसले होते. धोबीखान्यात तीस वर्षं उभं राहून त्यांचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"ये बाई," ते म्हणाले. "तुझ्या आईनं मलाही आज उकळायला काढलं होतं. मोठं भांडं नाही म्हणून वाचलो."

मावशीनं भाताचं ताट लेकीपुढे ठेवलं आणि समोर बसली.

"एक विचारू? तिथे चहा कशातून पितेस?"

"कपातून. सगळ्या पितात त्यातूनच."

"पिऊ नकोस गं. मी बाहेर उभी असते ना, मला सगळं दिसतं. कोपऱ्यात एक टब आहे पाण्याचा. प्यायला कप की त्यात बुचकळायचा आणि फळीवर. बाराच्या बारा त्याच पाण्यात. पाणी सकाळी भरतात ते दुसऱ्या दिवशी सकाळीच बदलतात. माझ्या हातात असतं तर..." तिनं पाण्याचा पेला लेकीपुढे सरकवला. "माझ्या हातात नाहीये ते."

"नाही प्यायले तर विचारतील का म्हणून. काय सांगू? आईनं सांगितलं? कोणती आई?"

 ओळख न दाखवण्याची ही अट मावशीचीच होती. लेक या हॉस्पिटलात येणार असं कळलं तेव्हाच तिनं बजावलं होतं, वॉर्डात मी तुझी कोणी नाही. सगळ्यांसारखी मावशी म्हणायचं, तेही कमीच. आयाची पोर म्हणून कळलं की तुझाही कप बाहेर येईल. ज्यासाठी धुणी उकळली, ते सगळं जाईल.

"सिस्टरांना सांगू का टबाचं?" नवीनं विचारलं.

"गप जेव," मावशी म्हणाली. "आयानं नर्सना भांडी घासायला शिकवायची, एवढंच राहिलंय."

शुक्रवारी सकाळी आजारी पडलेल्यांतली दुसरी नर्स गेली. जमिनीवरच्या पेशंटशी बोलायचं म्हणून सरळ त्यांच्या गादीवर मांडी घालून बसणारी, बावीस वर्षांची. तिला शेवटची आंघोळ मावशीनंच घातली. दुसरं कोणी पुढे आलं नाही. मोठ्या सिस्टरांनी खिशातली वही काढली, आणि त्या दिवशी त्यांना सगळ्याच नावांपुढे खूण करावी लागली. लांब पाठवायला कोणी उरलं नाही.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणजे हॉस्पिटलचे अधीक्षक. साथ सुरू झाल्यापासून ते वॉर्डात दोनदा आले होते, दोन्ही वेळा दारापर्यंत. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. भिंतीशी लांब बाकावर नर्स बसल्या. मावशी बाहेर, उंबऱ्यापलीकडे उभी.

"विषय साधा आहे," साहेब म्हणाले. "सदर आयेमुळे संसर्ग पसरत असल्याची आमची खात्री आहे, सबब तिला तात्काळ कामावरून कमी करून हॉस्पिटलच्या चाळीतली खोली रिकामी करून घ्यावी. खाली सगळ्यांच्या सह्या. म्हणजे निर्णय एकमताचा होईल आणि जबाबदारी कोणाचीच राहणार नाही."

घड्याळबाईंनी पहिली सही केली. वेळही लिहिली. कागद बाकावरून पुढे सरकला.

"माझी शंका अजून फिटलेली नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दूध नव्हतं, साखर नव्हती. मावशीचा हात म्हणावा तर ज्या पेशंटना ती रोज पुसते त्यांतल्या निम्म्या बऱ्या होऊन घरी गेल्या. मला थोडे दिवस द्या."

"सिस्टर, तुमच्या शंका फिटेपर्यंत माझ्याकडे नर्स उरणार नाहीत. पुढे."

कागद नवीपाशी आला. तिनं पेन उचललं. दारातून मावशी तिच्याकडे बघत होती आणि मान हलवत होती, अगदी बारीक. कर. सही कर. मोठ्या सिस्टरांना ती मान दिसली. त्यांना चादरीचा कोपरा आठवला, आणि वॉर्डाच्या खिडकीतून दिसणाऱ्या बुधवारच्या त्या लांबच्या वाटाही. 

नवीनं पेन खाली ठेवलं.

"मी नाही करणार."

"का?"

"ती माझी आई आहे."

कोणी किंचाळलं नाही. फक्त बाकावर जागा झाली. नवीच्या उजवीकडे हातभर, डावीकडे हातभर. दोन्हीकडच्या जणी एकाच वेळी, एकमेकींकडे न बघता सरकल्या. कवायतीतही इतकी एकी दिसत नाही.

"म्हणजे," घड्याळबाई सावकाश म्हणाल्या, "इतके दिवस तू आमच्या कपांतून चहा प्यायलीस?"

"प्यायले," नवी म्हणाली.  "आणि रोज भीत भीत प्यायले. आई म्हणते, त्यांचे कप घाण आहेत, पिऊ नकोस. एकाच टबात दिवसभर बुचकळता तुम्ही सगळ्या. जी पहिली आजारी पडली, तिनंही बुचकळला होता. आमच्या घरात पेला उकळल्याशिवाय ओठाला लावत नाहीत. बाहेरच्या खिळ्यावरचा तो कप आहे ना, तेवढाच एक स्वच्छ आहे या वॉर्डात. म्हणून ती ठणठणीत आहे."

मोठ्या सिस्टर उठल्या आणि खोलीबाहेर गेल्या. रागावल्या असं सगळ्यांना वाटलं. दोन मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत टब होता. त्यांनी तो साहेबांच्या टेबलावर, सह्यांच्या कागदावरच ठेवला. पाणी राखाडी होतं. वर चहाची साय तरंगत होती.

"हे सकाळचं पाणी," त्या म्हणाल्या. "आमच्या मेलेल्या पोरीनंही असल्याच पाण्यात कप बुडवला. बावीस वर्षं मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला. थर्मामीटर सोडला नाही, दूध सोडलं नाही. या टबावर घेतला नाही, कारण तो आमचा होता. आणि त्या खिळ्यावर घेतला नाही, कारण तो कोणा दुसरीचा होता. मी स्वतः वरून धार सोडली आहे तिच्या कपात. त्या बाईला तीन महिन्यांपूर्वी आत घेतलं असतं, तर तिनं हे पाणी पहिल्या दिवशी ओतून दिलं असतं."

खोलीत कोणी मनगटाकडे बघितलं नाही.

साहेब खुर्ची मागे घेत म्हणाले, "ठीक. आया निर्दोष. मग मार्ग सोपा आहे. आजपासून सगळे कप तीच धुवेल. तिचा राहू दे तिथेच बाहेर, तो प्रश्न वेगळा."

वाचकहो, हसू नका. या माणसानं एका वाक्यात जे केलं, ते आपण घरोघरी दिवसातून दोनदा करतो. जिच्या हातची घासलेली भांडी चालतात, तिला त्याच भांड्यातून पाणी द्यायची वेळ आली की आपलाही प्रश्न वेगळा होतो. जरा उठून आपल्या घराची खिडकी, जिना, मोरीची कड बघून या. बहुधा तिथेही एक कप सापडेल.

"प्रश्न तोच आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "कप प्रत्येकीनं आपला आपण उकळायचा. कसा, ते मावशी शिकवतील. आणि तेरा कप एका फळीवर राहतील."

"हा आदेश आहे का, सिस्टर?"

"विनंती. दोनच्या पाळीच्या आत मान्य झाली तर बरं. नाहीतर दोन वाजता मी खाली, फाटकाशी बसेन. सत्तेचाळीस पेशंटना तुम्ही वर जाऊन सांगा, मी का आले नाही ते. आत जावं लागेल मात्र. दारातून ऐकू जाणार नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेदोन झाले होते.

मोठ्या सिस्टर बाकापाशी गेल्या आणि नवीच्या उजवीकडच्या हातभर जागेत बसल्या. जागा थोडी कमी पडली, म्हणून घड्याळबाईंना आणखी सरकावं लागलं.

विनंती मान्य झाली. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. तीन जणींनी घरून स्वतःचे कप आणले आणि कुलपात ठेवले. घड्याळबाई दोन दिवस चहाच प्यायल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं तेव्हा प्यायल्या. मावशीनं सगळ्या नर्सना उंबऱ्याच्या आत उभं राहून कप उकळायला शिकवलं. शिकवताना तिचा आवाज फुटेना, म्हणून मोठ्या सिस्टर मुद्दाम चुकत राहिल्या, तेव्हा कुठे तो चिडून फुटला. पहिली आणि तिसरी नर्स वाचल्या. त्यानंतर चौथी पडली नाही.

मावशी मात्र लेकीशी आठ दिवस बोलली नाही. "तीस वर्षांची मेहनत एका वाक्यात घालवलीस," एवढंच तिनं एकदा म्हटलं होतं.

मग एका सकाळी जमिनीवरच्या एका म्हातारीला एकदम थंडी भरली. नवीनं तिला एकटीनं धरलं होतं, दुसरा हात पोचत नव्हता, आणि वॉर्डाच्या पलीकडच्या टोकाला मावशी चादरी घेऊन उभी होती.

"आई!" नवी ओरडली. "गरम पाणी! लवकर!"

बायकांचा वॉर्ड तो. वीसेक जणींनी वळून बघितलं. प्रत्येकीचं कोणी ना कोणी घरी तसंच ओरडत असणार. फक्त मावशीनं बघितलं नाही. इतक्या दिवसांची सवय होती तिची, इथे त्या हाकेला न वळण्याची.

"आई, तुलाच म्हणतेय!"

मावशीनं चादरी खाली ठेवल्या. सगळ्या वॉर्डादेखत ती लेकीकडे भरभर चालत आली, म्हातारीच्या पाठीखाली हात घातला, आणि म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं? माणसं झोपलीत इथे."