बकरी एक दिवस आधी आली असती तर

घरात काय झालंय ते बकरीला कळत नसतं. कास भरली की ती ओरडते, आणि कोणीतरी उठून दूध काढावं लागतं. मधुकर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती पातेलं घेऊन बकरीपाशी बसली ती एवढ्याचसाठी. ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. अजून राख थंड व्हायची होती आणि ही बाई धारा काढत होती. पण बकरी ओरडत होती आणि त्यांच्यातली एकही उठत नव्हती.

ती बकरी आली होती मधुकरसाठीच. डेंग्यू म्हटला की बऱ्हाणपुरात निम्मं गाव डॉक्टर होतं आणि सगळे मिळून एकच औषध सांगतात, बकरीचं दूध. त्याने प्लेटलेट वाढतात म्हणे. मधुकरला ताप आला तेव्हा शेजारची भारती शनवाऱ्यापासून लालबागपर्यंत पायपीट करून लोटीभर दूध मिळवून आली होती. वैजयंतीचा भाऊ काशिनाथ तिकडे खकनारकडे असतो. तो फोनवर म्हणाला, लोटीचं काय घेऊन बसलीस, मी दुभती बकरीच घेऊन येतो. निघाला, पण वाटेत टेम्पो बिघडला आणि रात्र तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी तो बकरीचं दावं हातात धरून गल्लीत शिरला, तेव्हा दारापुढे माणसं जमलेली होती.

तेव्हापासून वैजयंतीच्या सासूचं, सरुबाईंचं, एकच वाक्य झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "बकरी एक दिवस आधी आली असती ना, तर माझा मधू वाचला असता." दहाव्याला काशिनाथनेही ते ऐकलं. मान खाली घालून तो जेवला आणि गेला. त्यानंतर भाऊबीजेलाही आला नाही. वैजयंतीने ताट करून ठेवलं होतं, ते संध्याकाळी उचलून ठेवलं.

खरं काय होतं ते तिला एकटीला माहीत होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताप उतरला म्हणजे संपलं असं समजू नका, पोटात दुखलं, उलट्या झाल्या तर लगेच घेऊन या. चौथ्या दिवशी ताप उतरला. पोटात दुखत होतं, दोन उलट्याही झाल्या. पण आदल्या संध्याकाळीच भारतीने आणलेलं दूध त्याच्या पोटात गेलं होतं, आणि हातात लोटी धरलेल्या वैजयंतीला वाटलं, दूध लागू पडलं. ती दोन दिवस त्याला दूधच पाजत बसली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बकरी एक दिवस आधी आली असती, तर त्याने आणखी दोन पेले दूध पिऊन प्राण सोडला असता, एवढंच. हे तिने कोणाला सांगितलं नाही. बोट भावाकडे होतं, तिने ते तिथेच राहू दिलं.

तिला रडू आलं नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तशी ती सगळीच झाली होती. लोक म्हणत, धीराची आहे. ती दूध काढत होती.

दीड लिटर दूध रोज निघायचं आणि घरात पिणारं कोणी नव्हतं. सरुबाई वासानेच नाक मुरडत. दही लावलं तर ते पातळच, कढीपुरतं. लिंबू पिळून पनीर केलं, खवा आटवला, तरी दूध उरायचंच. दूध मोरीत ओतायला हात धजत नाही, आणि दुःखाच्या घरी दूध मागायला कोणी येत नाही. शेवटी तिची नजर पडवीतल्या डीप-फ्रीजरवर गेली. मधुकर फ्रिज दुरुस्त करायचा. एका कुल्फीवाल्याने तो दुरुस्तीला टाकला होता आणि न्यायला पुन्हा आलाच नव्हता. मधुकरने मात्र तो चालू करून ठेवला होता.

मग तिचं रोजचं ठरून गेलं. दूध दुहेरी फडक्यातून गाळायचं, एक उकळी आणायची, पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन निववायचं. उशीर झाला की वास धरतं. मग पिशव्यांत भरायचं, पण तोंडापर्यंत नाही, कारण गोठताना दूध फुगतं. पिशवी आडवी ठेवायची म्हणजे भाकरीसारखी सपाट गोठते आणि थरावर थर बसतो. वर मार्करने तारीख. जुनी पिशवी वर, नवी खाली. कोणासाठी चाललंय हे, असं तिने स्वतःला विचारलं नाही. दिवाळी झाली तेव्हा फ्रीजरचं झाकण जेमतेम लागत होतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका दुपारी भारती आली. हातात तीच लोटी होती.

"ताई, यांना डेंग्यू निघाला. सुनीलना. दूध दे थोडं."

"ताप किती आहे?"

"ताप तर सकाळीच उतरला, देवाची कृपा. बस पोटात दुखतंय म्हणतात, अन् उलटी झाली दोनदा. प्लेटलेट कम असतील. तुझं दूध पाजलं की होतील ठीक."

वैजयंतीच्या हातात गाळायचं फडकं होतं. ते तिने पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"दूध नाही," ती म्हणाली.

भारतीने पडवीकडे पाहिलं. "फ्रीजर भरलाय तुझा. साऱ्या गल्लीला माहीत आहे."

"भरलाय. पण आत्ता नाही देणार. आधी त्यांना दवाखान्यात घाल. तिथे दाखल झाले की सगळा फ्रीजर तुझा."

"मधुकरभाऊंसाठी मी लालबागपर्यंत उन्हात गेले होते, ताई."

"माहीत आहे."

"अन् तू एका लोटीसाठी अडवून धरतेस?"

"हो."

आतून सरुबाई ओरडल्या, "अगं दे ना तिला! आपल्याला वेळेवर मिळालं नाही, तिला तरी मिळू दे." वैजयंतीने पायांत चपला सरकवल्या आणि भारतीच्या घरी गेली. सुनील खाटेवर पडून होता. बरं वाटतंय, असं म्हणाला. मधुकरही असंच म्हणाला होता, याच आवाजात. तिने त्याचा हात धरला. तो गार आणि ओलसर लागला. मग तिने कोणाला काही विचारलं नाही. नाक्यावरून रिक्षा आणली, सुनीलला एका बाजूने धरून बसवलं आणि स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. भारती सबंध वाटभर तोंड फिरवून बसली.

त्याला तासाभरात दाखल करून घेतलं. वैजयंती रिक्षाने परत आली, खालच्या, ताज्या चार पिशव्या काढल्या आणि भारतीच्या मुलीकडे दिल्या. भारतीने त्या तशाच परत पाठवल्या. गल्लीत दोन दिवस हाच विषय होता. नवरा गेला की बाईचं काळीज दगडाचं होतं, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांना ते पटलं. वैजयंतीच्या कानावर आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने परत आलेल्या पिशव्यांचा खवा आटवला.

सुनील सहाव्या दिवशी घरी आला. त्याच संध्याकाळी भारती आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. सरुबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"डॉक्टर बोलला," भारती म्हणाली, "एक दिवस लेट झाला असता तर हातचा गेला असता. ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो म्हणे." पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला. "ताई, मधुकरभाऊंचा पण ताप उतरला होता ना? मी आले होते तेव्हा. तू मला हसून सांगितलं होतंस."

"हो."

"अन् दूध मी आणलं होतं."

"दूध तू आणलंस. त्यांना घरी मी ठेवलं," वैजयंती म्हणाली.

सरुबाईंचा हात तांदळात तसाच राहिला. भारती उठली. जाताना तिने वैजयंतीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आहे हे वैजयंतीला कळलं, आणि इतक्या दिवसांत असं काही कळल्याचं तिला नवल वाटलं.

इतके दिवस ती आतल्या आत म्हणत होती, कुणास ठाऊक, दवाखान्यात नेऊनही काही झालं नसतं. आता तेही म्हणता येणार नव्हतं. सुनील तीन घरं पलीकडे खाटेवर बसून पेज पीत होता.

तिने फोन घेतला. काशिनाथने तो उचलायला बराच वेळ लावला.

"भाऊ, मी बोलतेय. तुझी बकरी उशिरा आली नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यांचा ताप उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हाच घेऊन या. मी दोन दिवस दूध पाजत बसले. तुझा टेम्पो बिघडला नसता तरी ते गेले असते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही."

काशिनाथ मग रडला. पन्नाशीचा माणूस, फोनवर, मोठ्याने. "वैजू, टेम्पो बिघडला त्या रस्त्याने जाणंच मी सोडलं गं," एवढंच त्याला मध्ये बोलता आलं. तिने फोन कानाशी धरून ठेवला, त्याचं रडणं थांबेपर्यंत. भाऊबीजेचं राहिलंय, रविवारी ये, असं सांगून मग ठेवला.

सरुबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सूप बाजूला सरकवलं. आता त्या काय बोलतील याची वैजयंती वाट बघत उभी राहिली. बोलल्या असत्या ते सगळं तिने ऐकून घेतलं असतं.

"ताप उतरल्यावर तू दवाखान्याचं म्हणाली होतीस एकदा," सरुबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं, आता कशाला. निजू दे त्याला."

वैजयंतीला ते आठवत होतं. तेही तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"चहा ठेव," सरुबाई म्हणाल्या. "बकरीच्याच दुधाचा ठेव."

तिने फ्रीजर उघडला आणि सगळ्यांत वरची पिशवी काढली. मार्करने लिहिलेली तारीख मधुकर गेला त्याच आठवड्यातली होती. पिशवी तिने पाण्यात ठेवली. दूध सुटायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात, चुलीपाशी उभ्या उभ्याच, तिला रडू आलं.