नर्मदेची ओवी

वाटूरच्या घरात सासूचं सगळं नर्मदाच करायची. सासरे गेल्यापासून सोनूबाईंना मधूनच धडधड सुटायची, हातपाय गार पडायचे. नर्मदा तळपाय चोळायची, पाणी पाजायची, पण त्यांचा जीव शांत व्हायचा तो धाकट्या सुनेच्या गाण्यानं. शीतल जालन्याहून फोनवर ओवी म्हणायची आणि सोनूबाई डोळे मिटून म्हणायच्या, "काय गळा हाय पोरीचा!" नर्मदेचा नुसता जळफळाट व्हायचा. राबायचं आपण आणि कौतुक तिचं!

एका दुपारी सोनूबाई पुन्हा घाबऱ्या झाल्या. "शीतलला फोन लाव, जल्दी."

"लागून न्हाई राह्यला," नर्मदा फोन न लावताच म्हणाली.

सोनूबाईंना धाप लागली. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. नर्मदा भ्याली. काही सुचेना, तेव्हा तिनं तीच ओवी स्वतः म्हणायला घेतली. आवाज फाटला, चाल भलतीकडेच गेली.

"अगं, असं न्हाई," म्हणत सोनूबाईंनी चाल म्हणून दाखवली. नर्मदा पुन्हा चुकली. त्यांनी पुन्हा म्हटली, मग पुढची ओवी घेतली. म्हणता म्हणता त्यांचा श्वास संथ झाला.

संध्याकाळी शीतलचा फोन आला. "जाऊबाई, आत्याबाईंना द्या. ओवी म्हणते."

"आज नको. आम्ही दोघींनी म्हटली."

"तुम्ही गायलात?"

"मंग? त्या शिकवून राह्यल्यात मला."

शीतल तुटकपणे "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. नर्मदेला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.